उलट्या यादीतली एक्केचाळीस नंबरची तक्रार

सुरतेत कुणी धंदा विचारला तर उत्तर एका शब्दात द्यायचं असतं. साडी. लेस. जरी. हिरे. मी सांगते, "वेबसाइट करते." समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि विचारतो, "ते ठीक, पण धंदा काय?" चोवीस वर्षं झाली, या प्रश्नाला धड उत्तर मला सापडलेलं नाही. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनीच तो विचारला आणि वर पानंही देऊ केली, म्हणून बसले लिहायला.

लग्नपत्रिका टाइप करता करता मी वेबसाइटकडे वळले, एवढा इतिहास पुरे. कुठून सुरुवात केली आणि कुठे पोचले याची जंत्री देणार नाही, कारण मी फार लांब पोचलेलीच नाही. सुरतेच्या गोडादऱ्यात होते, गोडादऱ्यातच आहे. मला सांगायचं आहे ते याद्यांबद्दल, आणि त्यातही उलट्या याद्यांबद्दल. हसू नका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती आणि सगळ्यात मोठी भीती, दोन्ही एका उलट्या यादीने दिल्या आहेत.

आधी ही भानगड काय ते सांगते. वेबपान म्हणजे शेवटी मजकूरच. फक्त त्यात खुणा कराव्या लागतात, की हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो तो ब्राउझर या खुणा वाचतो आणि त्याप्रमाणे पान मांडतो. क्रमवार यादीची खूण आहे 'ओएल'. ती लावली की आकडे आपण टाइप करायचे नाहीत. ब्राउझर स्वतः मोजतो आणि एक, दोन, तीन असे आकडे घालतो. त्या खुणेत 'रिव्हर्स्ड' हा एकच शब्द वाढवला की आकडे उलटे लागतात. यादीत किती गोष्टी आहेत ते ब्राउझर आधी मोजतो, तो मोठा आकडा सगळ्यात वर ठेवतो आणि खाली उतरत उतरत एकावर येऊन थांबतो. जिन्यावरून खाली यावं तसं.

उलटं मोजायची गरज कुणाला पडते? सुरतेत सगळ्यांना. रिंग रोडच्या मार्केटमधले आमचे जयंतीशेठ साड्यांचे होलसेल व्यापारी. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "रेखाबेन, नवो माल उपर जोईए, अने नंबर मोटो." म्हणजे काल आलेली डिझाइन सगळ्यात वर दिसली पाहिजे आणि तिचा नंबर सगळ्यात मोठा पाहिजे. कानामागून आलेलीने तिखट व्हायचं, हाच मार्केटचा नियम. शिवाय वरचा आकडा एकशे ऐंशी दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, काय भरलेलं दुकान आहे! आधी मी ते आकडे हाताने टाइप करायचे. कधी दोन साड्यांना एकशे सात नंबर पडायचा, कधी एकशे अकराच गायब व्हायचा. मग मला हा 'रिव्हर्स्ड' सापडला आणि मी इतकी खूश झाले की घरी त्या दिवशी श्रीखंड आणलं. नवऱ्याने विचारलं, कशाबद्दल? मी सांगितलं. त्याने श्रीखंड मात्र दोनदा घेतलं.

पण शेठच्या ऑफिसातला कॉम्प्युटर शेठइतकाच जुन्या वळणाचा होता. त्यातल्या ब्राउझरला हा शब्दच समजायचा नाही. न समजलेला शब्द ब्राउझर मुकाट्याने गिळतो आणि आपलं नेहमीचं काम करतो. त्यामुळे तेच पान नागपूरच्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर वरून एकशे ऐंशी, एकशे एकोणऐंशी असं दिसायचं आणि शेठकडे वरून एक, दोन, तीन. एके दिवशी दोघांची फोनवर जुंपली.

"पाँच नंबर लाल है!" शेठ ओरडत होते.

"सेठ, मेरे सामने खुला है, पाँच नंबर बादामी है!"

"मेरे भी सामने खुला है! मैं क्या अंधा हूँ?"

अर्धा तास हे चाललं. दोघेही खरं बोलत होते, दोघांच्याही डोळ्यांसमोर पुरावा होता, आणि दोघांनाही समोरचा लबाड आहे याची खात्री पटलेली होती. मी जाऊन शेठचा ब्राउझर बदलला तेव्हा भांडण मिटलं. शेठनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "बेन, तमारा कॉम्प्युटरमां कळजुग आवी गयो छे." कलियुग आलं होतं हे खरं, पण ते त्यांच्याच टेबलावर.

दुसरी फजिती माझी मलाच महागात पडली. भेस्तानच्या काही गणेश मंडळांनी मिळून सजावट स्पर्धा घेतली होती. निकाल वेबसाइटवर दहापासून एकपर्यंत उलटा लावायचा, म्हणजे वाचणाऱ्याची उत्सुकता वाढेल, ही माझीच हुशारी. परीक्षकांनी मला यादी दिली ती पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. मी ती तशीच टाकली आणि वर 'रिव्हर्स्ड' लावून मोकळी झाले. आता या शब्दाची खोड अशी, की तो फक्त आकडे उलटे करतो, माणसं जागची हलवत नाही. पहिल्या आलेल्या मंडळासमोर दहा आकडा लागला आणि दहाव्यासमोर एक. मला कळेपर्यंत दहाव्या नंबरच्या मंडळाने ढोल लावून अर्धं भेस्तान फिरून घेतलं होतं. मी माफी मागायला गेले तर त्यांचा अध्यक्ष म्हणाला, "ताई, आता गुलाल उधळून झाला. तो काय परत पुडीत भरता येतो?" शेवटी पहिल्या मंडळाने मोठ्या मनाने दोघांचा एकत्र फोटो काढून घेतला. अशा फजित्या मी चार लोकांत रंगवून सांगते आणि लोकही हसतात. पण आता जी सांगणार आहे ती मी आजवर कुणाला रंगवून सांगितलेली नाही.

आमची सोसायटी रो-हाउसची, अकरा गल्ल्यांची. निम्मी घरं खानदेशातली, काही परभणी-नांदेडकडची, थोडी आणखी कुठकुठली. घराघरात कुणी ना कुणी सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर काम करणारं. माझे वडीलही शिरपूरकडून आले ते सांच्यावरच. सोसायटीचे अध्यक्ष सोनवणे आप्पा एकदा मला म्हणाले, "रेखाताई, लोक ऑफिसात येऊन एकच गोष्ट अर्धा तास सांगतात. काहीतरी कर." मी तक्रारींचं एक पान करून दिलं, फुकटात. सोसायटीचे कारकून अश्विनभाई सकाळी दहा ते एक ऑफिसात बसायचे. त्यांनी फोनवर तक्रार ऐकायची, यादीत सगळ्यात वर टाकायची आणि जो आकडा पडेल तो डायरीत लिहून तक्रार करणाऱ्याला सांगायचा. काम झालं की तिच्यासमोर हिरवी खूण आणि 'झाली' हा शब्द. महिनाभर ती तशीच राहील, मग यादीतून काढून टाकायची. म्हणजे पान स्वच्छ.

यादी अर्थातच उलटी. नवी तक्रार वर, मोठ्या आकड्याची. मी कमिटीच्या बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं होतं, की नवी तक्रार कितीही आली तरी जुन्यांच्या आकड्याला धक्का लागत नाही. आणि वर एक नियमही करून दिला. चौकशीला फोन केला तर कहाणी सांगायची नाही, फक्त नंबर सांगायचा. अश्विनभाई नंबर बघतील आणि झाली की नाही ते सांगतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अश्विनभाईंनी तर दोन्ही हात वर करून वाजवल्या, कारण कहाण्या त्यांनाच ऐकाव्या लागायच्या.

गेल्या वर्षीची गोष्ट, नवरात्र संपून दिवाळीची झाडलोट सुरू झाली होती तेव्हाची. मी आमच्याच घराचं काही विचारायला ऑफिसात गेले होते. खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती, तिथून पुढे एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. अश्विनभाईंचा फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला आणि मला डोळा मारून फोन स्पीकरवर टाकला.

"एकेचाळीस नंबर," पलीकडून एका म्हातारीचा अहिराणी आवाज आला. "काय व्हयनं?"

"माजी, एक्केचाळीस तो थई गयो. हो गया. झाली!"

"कशी झाली? मनासमोर खांबाना डबा..."

"झाली, झाली, माजी. कॉम्प्युटर में लिखा है." अश्विनभाईंनी फोन ठेवला आणि हसत म्हणाले, "सातव्या गल्लीतली द्वारकाबाई. रोज फोन करे छे, रोज! पाण्याच्या टाकीचं झाकण बसवून आठ दिवस झाले, तरी हिचं एक्केचाळीस संपत नाही."

मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले. मग माझं हसू अर्ध्यावर राहिलं. म्हातारी तिच्यासमोरच्या खांबाचा डबा म्हणत होती. खांबाला टाकीचं झाकण कशाला लागेल?

"अश्विनभाई, तुमची डायरी बघू."

डायरीत त्यांच्याच अक्षरात होतं: ४१, द्वारकाबाई, गल्ली सात, दिव्याच्या खांबाचा खालचा डबा उघडा, वायरी बाहेर, करंट लागतो. आणि पडद्यावर एक्केचाळीस नंबरला होतं: टाकीचं झाकण, झाली, हिरवी खूण. मी पडद्यावर खाली सरकले. एकोणचाळीस नंबरला दिव्याचा खांब होता. समोर हिरवी खूण नव्हती. काहीच नव्हतं.

घोडं कुठं पेंड खात होतं ते मला त्या क्षणी कळलं. नवी तक्रार वर आली तर जुन्यांना धक्का लागत नाही, हे खरं. पण खालची एखादी काढली तर? ब्राउझर बिचारा पुन्हा मोजतो आणि तिच्या वरच्या सगळ्यांचा आकडा एकाने उतरतो. म्हातारीच्या तक्रारीनंतर दोन-तीन दिवसांत, महिना पुरा झालेल्या पहिल्याच दोन जुन्या तक्रारी अश्विनभाईंनी काढल्या होत्या, मीच सांगितल्याप्रमाणे. त्रेचाळीसची टाकी एक्केचाळीस झाली आणि एक्केचाळीसचा खांब एकोणचाळीस. जयंतीशेठकडे हे कधी घडलं नाही, कारण शेठ कुठलीच डिझाइन यादीतून काढू देत नसत. दहा वर्षांपूर्वीची साडीही कुणीतरी घेईल अशी त्यांना आशा. त्या आशेवर मी निर्धास्त राहिले होते.

"केटला दिवस थया?" मी अश्विनभाईंना त्यांच्याच भाषेत विचारलं, कारण मला माझी सुचत नव्हती.

"तक्रार लिहिली त्याला अकरा," डायरीतली तारीख बघून ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

बाकीच्यांचे आकडेही हललेच असतील, पण ते लोक ऑफिसात येऊन भांडत असत आणि अश्विनभाई शोधून देत असत. मग ही बाई का आली नाही? सातवी गल्ली ऑफिसपासून तीन मिनिटांवर. मी चपला घालून निघाले. सातव्या गल्लीत बालवाडी आहे हे मला वाटेत आठवलं आणि मी चालायची ती पळायला लागले. पन्नाशी ओलांडलेली बाई लॅपटॉप सांभाळत पळते आहे हे बघून दोघा-तिघांनी विचारलं, "काय झालं ताई?" मी पळतच राहिले.

गल्लीत शिरले तर समोर दिव्याचा खांब. त्याला कमरेच्या उंचीपर्यंत चकचकीत गुलाबी साडी गुंडाळून गाठी मारलेल्या. खाली दोन झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि एक नारळ. जरा अलीकडे, कोरड्या जागी, धाग्याच्या बॉबिनच्या प्लास्टिकच्या क्रेटवर सत्तरीची एक बारकीशी बाई मांडीवर काठी घेऊन बसलेली. सकाळी नळाचं पाणी सुटलं की गल्लीतल्या टाक्या वाहतात, त्या पाण्याचं डबकं खांबाभोवती साचलं होतं.

"तठेच थांब!" तिने काठी उगारली. "पानीमा पाय नको ठेवू. पूजा कराले ऊनी का तू बी?"

मी म्हटलं, नाही. तिचा जीव भांड्यात पडला. वायरी झाकाव्यात म्हणून तिने घरातली जुनी साडी गुंडाळली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, इथे देवी प्रकटली. कुणी फूल टाकलं, कुणी कुंकू लावलं, आणि आदल्या दिवशी एका बाईने नारळ फोडायला घेतला तेव्हा द्वारकाबाईंनी तिला काठी दाखवून पळवून लावलं होतं. नारळ मात्र राहिला. साडी ओली झाली तर तिच्यातूनही करंट येतो हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माले माहीत शे. म्हनीसनच बसेल शे."

नवरात्रात गरब्याच्या रोषणाईसाठी त्या खांबाचा खालचा डबा उघडला होता. रोषणाई उतरली, पण झाकण परत कुणी लावलं नाही. द्वारकाबाई एका सकाळी खांबाला टेकल्या आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. बालवाडीतली पोरं तर येता-जाता त्याच खांबाला धरून गोल गोल फिरतात. त्यांनी त्याच दिवशी तक्रार केली. लिहिता-वाचता येत नाही, पण आकडे येतात, म्हणून दाराच्या चौकटीवर गेरूने ४१ काढून ठेवले. गल्लीतली तरणी माणसं कामावर. ज्यांनी विचारलं त्यांना ऑफिसातून उत्तर मिळालं, एक्केचाळीस झाली. बालवाडी दहा ते एक, अश्विनभाईंचं ऑफिसही दहा ते एक. पोरं असताना खांब सोडता येत नव्हता आणि पोरं गेली की ऑफिस बंद. म्हणून रोज बसल्या जागेवरून फोन.

"तो भाऊ म्हनस, झाली," त्या सांगत होत्या. "मी म्हनस, मनासमोर उघडी शे. तो म्हनस, कॉम्प्युटरमा झाली शे. मंग मी म्हनं, कॉम्प्युटरले आठे धाड."

"मीच तो कॉम्प्युटर," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. यादी मी केली, चूक माझी आहे, अश्विनभाईंची नाही. फक्त नंबर सांगा हा नियमही माझाच. या बाईला आम्ही ऑफिसात बसून हसत होतो आणि ही इथे अकरा दिवस माझ्या चुकीवर पहारा देत बसली होती.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी क्रेटवर जरा सरकून मला जागा करून दिली. मी सोनवणे आप्पांना फोन केला, त्यांनी वायरमनला. वायरमन दुसऱ्या सोसायटीत कामावर होता, यायला तासभर लागणार होता. आधी आप्पांनी सातव्या गल्लीची लाइन बंद करायला माणूस पाठवला, पण कुठली कळ कुठल्या गल्लीची हे तिथे कुणालाच खात्रीने सांगता येईना. त्यामुळे आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

आकडा बदलला म्हणजे काय झालं, ते द्वारकाबाईंना नीट समजून घ्यायचं होतं. मी गल्लीतले खडे मांडून दाखवलं. एक काढलं की वरच्यांचे नंबर उतरतात. त्यांनी तीस वर्षं खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बॉबिन भरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी मलाच कीव आली.

"खातामा बारा नंबरना सांचा इकाई गया, तरी तेरा नंबरना तेराच राहस," त्या म्हणाल्या. "बारानी जागा रिकामी राहस. तुना कॉम्प्युटरमा एक गया का सगळासना नंबर बदलस? कोन चालाडी असं खातं?"

चोवीस वर्षांच्या अनुभवावर एका वाक्यात पाणी. कारण उपाय अगदी तोच होता, विकलेल्या सांच्याची जागा रिकामी ठेवण्याचा, आणि तो मला माहीत नव्हता असंही नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीला 'व्हॅल्यू' म्हणून तिचा स्वतःचा आकडा चिकटवता येतो. मग ब्राउझर मोजत बसत नाही. वरचं, खालचं, मधलं काहीही काढलं तरी एक्केचाळीस तो एक्केचाळीसच. मी ते केलं नव्हतं, कारण मधे खड्डे पडलेली यादी दिसायला वाईट दिसते. दिसायला!

मी तिथेच लॅपटॉप उघडला. अश्विनभाई फोनवर डायरीतून एकेक नाव आणि जुना आकडा वाचत गेले आणि मी प्रत्येक ओळीला तिचा आकडा परत देत गेले. दर दोन-चार तक्रारींनंतर ते "सॉरी, रेखाबेन" म्हणायचे आणि मी म्हणायचे, पुढचं वाचा. मधेच आप्पांनी फोन करून विचारलं, "पान उघडलंय. हे अडतीसनंतर एकदम पस्तीस कसं? लोक म्हणतील सोसायटीला मोजता येत नाही." मी म्हटलं, "आप्पा, म्हणू द्या." आणि परत अश्विनभाईंच्या फोनवर गेले.

वायरमन आला. त्याने लाइन बंद केली, साडी सोडली, वायरी टेप लावून आत बसवल्या, नवं झाकण स्क्रूने घट्ट केलं. मग लाइन चालू करून खांबाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. "झालं, माजी," तो म्हणाला आणि पिशवी उचलू लागला.

"झालं म्हनस ना?" द्वारकाबाई क्रेटवरून हलल्या नाहीत. "मंग हात लाव."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि खांबावर तळवा टेकवला.

द्वारकाबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "'झाली' तुना कॉम्प्युटरमाच लिखेल व्हतं ना? तू बी लाव."

टेस्टर मी डोळ्यांनी पाहिला होता. वायरमनचा हात अजून खांबावरच होता. तरी माझा हात पुढे जाईना. चोवीस वर्षांत मी किती पानांवर किती गोष्टींसमोर 'झाली' लिहिलं असेल, पण त्यातल्या एकीलाही हात लावून बघायची वेळ आली नव्हती. मी डोळे मिटले आणि तळवा टेकवला. लोखंड गार होतं.

तेवढ्यात बालवाडी सुटली. पोरं गल्लीत धावत आली आणि सगळ्यात पुढच्या मुलीने सवयीप्रमाणे खांब धरून गिरकी घेतली. द्वारकाबाईंची काठी मांडीवरच राहिली. शेवटचं पोर गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत मी खांबावरचा हात काढला नाही.